गोंधळाला अनुपालन नसतं

सरकारी नोकरीत सगळ्यात जोखमीचं काम कोणतं, असं कुणी विचारलं तर मी सांगेन, दुसऱ्याचं बोलणं लिहून घेण्याचं. मी पंचायत समितीत लिपिक होतो आणि सभांचं इतिवृत्त लिहिणं हे काम पहिल्या वर्षापासून माझ्या गळ्यात पडलं. कोण काय बोललं, काय ठरलं, ते रजिस्टरात उतरवायचं. बोलणारा बोलून घरी जातो, भाकरी खातो, झोपतो. लिहिणाऱ्याच्या मागे तो कागद जन्मभर लागतो.

मी मूळचा पेडगावचा. नोकरीच्या निमित्तानं जिल्ह्यातले बरेच तालुके फिरलो. ही हकिगत ज्या तालुक्यातली आहे त्याचं नाव मुद्दाम लिहीत नाही. गोदावरीच्या अंगाला आहे, एवढं पुरे. तिथली माणसं अजून रस्त्यात भेटली की मला थांबवून चहा पाजतात, आणि मला तो चहा बंद करून घ्यायचा नाही.

आमसभा म्हणजे काय, ते आधी सांगतो. वर्षातून एकदा सगळ्या तालुक्याची मिळून एक सभा भरते. आमदार अध्यक्ष, गटविकास अधिकारी सचिव, सगळ्या खात्यांचे अधिकारी एका रांगेत, आणि समोर तालुक्यातलं कुणीही. सरपंच, शेतकरी, मास्तर, रिकामटेकडे. एरवी ज्या साहेबाच्या दाराशी माणूस तासभर ताटकळतो, त्या साहेबाला त्या दिवशी उभं राहून उत्तर द्यावं लागतं. त्यामुळे आमसभेच्या आधी आठ दिवस आमच्या कार्यालयात निम्मी माणसं जुन्या फायली उपसत बसायची. नियम असा, की प्रश्न आधी लेखी द्यायचा. प्रत्यक्षात निम्मी माणसं हात हलवत यायची आणि तिथंच उभी राहून विचारायची. कुणाला बोलू द्यायचं आणि कुणाला खाली बसवायचं, हे अध्यक्ष ठरवायचे. बोलणारा जे बोलला त्याला रजिस्टरात काय म्हणायचं, हे मात्र मी ठरवायचो.

इथं थोडं आमच्या कसबाबद्दल सांगायला हवं. इतिवृत्ताची भाषा ही एक वेगळीच मराठी आहे. दोन माणसं एकमेकांच्या अंगावर धावून गेली, तर आम्ही लिहायचो, ‘सभागृहाने तीव्र भावना व्यक्त केल्या.’ तीन तास भांडून काहीच ठरलं नाही, तर ‘सविस्तर चर्चा झाली.’ चहा आला आणि सगळे चहात गुंतले असताना एखादा ठराव निघून गेला, तर ‘सर्वानुमते.’ या भाषेत मी पटाईत होतो, हे लपवत नाही. साहेब, म्हणजे आमचे गटविकास अधिकारी, बदलून जायचे तेव्हा नव्या साहेबांना माझी ओळख करून देताना म्हणायचे, यांच्या इतिवृत्तात आजवर कुणी अडकलेलं नाही. मला त्याचा अभिमान वाटायचा.

रजिस्टरात प्रत्येक प्रश्नापुढे एक रकाना असायचा, अनुपालनाचा. म्हणजे या प्रश्नाचं पुढं काय केलं, ते त्या खात्यानं लिहून द्यायचं. शाळेचं छत गळतं असं कुणी विचारलं आणि ते ‘प्रश्न’ म्हणून नोंदलं गेलं, की त्या रकान्यात काहीतरी भरावंच लागायचं, आणि रिकामं ठेवायला लाज वाटून का होईना कुणीतरी छताकडे जायचं. पण तेच बोलणं ‘गोंधळ’ म्हणून नोंदलं, तर पुढचा रकानाच नाही. गोंधळाला अनुपालन नसतं. ही एवढी साधी गोष्ट मला पुरती कळायला बारा वर्षं नोकरी करावी लागली.

दगडूअप्पांचा किस्सा सांगतो. अप्पा म्हणजे साठीतले शेतकरी. चाळीस एकर रान, पांढरं धोतर, आवाज असा की माईक बंद केला तरी फरक पडू नये. दरवर्षी ते आमसभेत एक तरी वस्तू घेऊन यायचे. एका वर्षी शाळेचा तुटका फळा आणला. ज्या वर्षाची ही गोष्ट आहे त्या वर्षी त्यांनी शाळेच्या छताचा गंजका पत्रा खांद्यावरून आणला, मंडपाच्या मधोमध उभा केला आणि काठीनं बडवायला सुरुवात केली. धडाडधड. कुणाचं काही ऐकू येईना.

“आमच्या शाळंवर पाऊस पडंना, शाळंतच पडायलाय!” अप्पा ओरडले. “ह्यो बगा पत्रा. किती भोकं हायत, सायबानं इथं येऊन मोजावं!”

सगळा मंडप हसला. अध्यक्षही हसले. “अप्पा, बसा, बसा. पत्रे मिळतील.” मी लिहिलं, ‘श्री. दगडूअप्पा यांनी शाळेच्या छताबाबत प्रश्न उपस्थित केला.’ काठी आणि पत्रा यांचा उल्लेख करायचं कारण नव्हतं. पंधरा दिवसांत पत्रे गेले. मला अप्पा आवडायचे. आजही आवडतात.

माझ्या शेजारी टेबलावर माणिकराव गुरुजी बसायचे. हे आमच्या कार्यालयाचे नव्हते. नदीकाठच्या एका लहान गावातल्या शाळेवर त्यांची नेमणूक होती, पण ते प्रतिनियुक्तीवर आमच्याकडे आले होते. नेमणूक शाळेत, खुर्ची कार्यालयात, असा तो प्रकार. कारण एकच, त्यांचं अक्षर. माझं अक्षर मलाच दुसऱ्या दिवशी लागायचं नाही. मी सभेत भराभरा टिपायचो आणि गुरुजी ते रजिस्टरात मोत्यासारखं उतरवायचे. तात्पुरतं तीन महिने म्हणून आले ते दुसरं वर्ष चाललं होतं. तालुक्याला राहायला बरं पडत होतं म्हणून तेही परत जायचं नाव काढत नसत, आणि मला माझ्या अक्षराची सोय झालेली असल्यामुळे मीही काढत नसे. त्या गावच्या शाळेत चार वर्ग आणि एकच शिक्षक उरला आहे, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं.

त्या दिवसांत वातावरण कसं होतं, हे आज तरुणांना सांगूनही नीट कळत नाही. मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव होऊन तीन-चार वर्षं झाली होती. त्या पावसाळ्यात मराठवाड्यात जे झालं, दलित वस्त्यांतली जी घरं जळाली, ते कुणी विसरलं नव्हतं आणि कुणी उघड बोलतही नव्हतं. चार माणसं एके ठिकाणी उभी राहिली तरी साहेबांच्या कपाळाला घाम यायचा. आमसभेला दोन पोलीस ठेवायची पद्धत तेव्हापासून पडली.

पत्रा बाहेर नेऊन ठेवल्यावर शिक्षणाचाच विषय पुढे चालू होता. तेवढ्यात बायकांच्या बाजूनं कौसाबाई उभ्या राहिल्या. गुरुजींच्या शाळेच्या गावच्या, बौद्धवाड्यातल्या. वय पस्तीसच्या आसपास. मोलमजुरी करायच्या. ही ओळख मला नंतर झाली, त्या वेळी मला फक्त हिरवं लुगडं नेसलेली एक बाई दिसली.

“सायब, आमच्या शाळंला दोन मास्तर हायेत म्हंत्यात. एक दिसतो. दुसरा कुटं हाय?”

शिक्षण विस्तार अधिकाऱ्यांनी कागद चाळले. “दोन्ही पदं भरलेली आहेत,” ते म्हणाले.

“भरल्याली हायेत तर मंग दिसंनात कामून?” आणि मग त्यांची नजर व्यासपीठाच्या कोपऱ्यात, आमच्या टेबलावर आली. “त्ये काय, भाऊसायबाच्या बाजूला बसलेत की. आमचे गुर्जी.”

मंडपात हशा पिकला. गुरुजींच्या हातातला पेन थांबला. मागून कुणीतरी ओरडलं, “ए, नामांतराचं राजकारण हितं आणायचं न्हाई!”

“मी मास्तर इचारायलेय, बाप्पा,” कौसाबाई त्याच्याकडे वळून म्हणाल्या.

पण तोवर दहा जण उभे राहिले होते. कुणी बाईंच्या बाजूनं, कुणी विरुद्ध, निम्मे नुसतेच. पोलीस पुढे सरकला. साहेब अध्यक्षांच्या कानाला लागले. अध्यक्ष म्हणाले, “बाई, लेखी द्या. खाली बसा.” त्या बसल्या. एवढंच झालं. आवाजसुद्धा चढवला नव्हता त्यांनी.

दुसऱ्या दिवशी मी मजकूर सांगत होतो आणि गुरुजी उतरवत होते. ‘एका महिलेने विषयाशी संबंध नसताना गोंधळ घातल्याने कामकाजात व्यत्यय आला.’ मला तसं लिहायला कुणीही सांगितलं नव्हतं. साहेबांनी नाही, अध्यक्षांनीही नाही. माझ्या हातानं आपण होऊन ते वाक्य घेतलं, कारण त्यात सगळ्यांचीच सोय होती. गुरुजी ‘गोंधळ’ शब्दापाशी थांबले.

“असंच लिहू?”

“लिहा,” मी म्हणालो.

चार महिन्यांनी कौसाबाई कार्यालयात आल्या. चपला दाराबाहेर काढून माझ्या टेबलापुढे उभ्या राहिल्या. “भाऊसायब, माझ्या सवालाचं काय झालं?”

मी त्यांना बसायला सांगितलं. त्या बसल्या नाहीत. मी रजिस्टर काढलं. अडाणी माणसाला आपण काहीही वाचून दाखवू शकतो, हे त्या क्षणी माझ्या मनात येऊन गेलं, हेही कबूल करतो. पण शेजारी गुरुजी होते, आणि त्यांनी स्वतःच्या अक्षरात लिहिलेलं ते पान होतं. मी जसं होतं तसं वाचलं. पानाच्या वरच्या भागात अप्पांचा पत्रा, खाली कौसाबाई. दोन्ही सलग वाचले गेले.

त्यांनी पानाकडे बोट केलं. मग म्हणाल्या, “पत्रा वाजिवला त्यो सवाल. आन म्या उबं राहून इचारलं, त्यो गोंधळ?”

मी रजिस्टर मिटलं.

“माझी थोरली तिसरीत हाय,” त्या पुढे म्हणाल्या. “रोज जाती, बसती, येती. दुसरीचंच पुस्तक वाचायलीय. त्या एकट्या मास्तरानं तरी किती पोरं संबाळावीत? गुर्जी व्हते तवा तिला पाडे येत व्हते.” हे त्या माझ्याकडे बघून बोलत होत्या. गुरुजींकडे त्यांनी एकदाही पाहिलं नाही, आणि गुरुजींनीही मान वर केली नाही.

त्याच दिवशी दुपारी मी साहेबांकडे गेलो. गुरुजींना शाळेवर परत पाठवलं तर बरं होईल, असं चाचरत म्हणालो. साहेबांनी विचारलं, “कुणाची मागणी आहे? इतिवृत्तात आहे का?” मी नाही म्हणालो. “मग?” साहेब म्हणाले आणि पुढची फाईल उघडली. माझ्याच भिंतीला माझं डोकं आपटलं होतं.

एक वाट मात्र होती आणि ती मलाच माहीत असणार होती. प्रत्येक सभेत पहिला विषय ठरलेला असतो, मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे. तोवर ते कच्चं असतं. चूक लिहिलं असेल तर कुणीही उठून दुरुस्ती मागू शकतो. प्रत्यक्षात कुणी मागत नाही. ‘वाचले असे समजावे’ म्हणून अर्ध्या मिनिटात तो विषय संपवतात. पण मागता येते, आणि हरकत लेखी असली तर ती टाळता येत नाही. परत येऊन मी हे दाराशी थांबलेल्या कौसाबाईंना समजावून सांगितलं.

“पर ती सभा तर पुडल्या साली,” त्या म्हणाल्या.

“हो.”

“आन म्या लिवू कशी?”

तेव्हा शेजारच्या टेबलावरून आवाज आला, “सांगा बाई, मी लिहितो.” गुरुजींनी कोरा कागद ओढून घेतला होता. त्यांनी लिहिलं. गुरुजी शाळेवर नाहीत, ही गुरुजींच्याच मोत्यासारख्या अक्षरातली तक्रार. खाली कौसाबाईंचा अंगठा. तालुक्यातला कोणताही शिपाई ते अक्षर लांबून ओळखू शकला असता. मी एवढंच म्हणालो, “गुरुजी, साहेब ओळखतील.” ते म्हणाले, “ओळखू द्या.”

पुढच्या वर्षीची आमसभा. पहिला विषय पुकारला गेला. साहेब सवयीप्रमाणे म्हणाले, “वाचले असे समजून कायम...” आणि कौसाबाई उठल्या. कागद पुढे धरला. “मागच्या साली म्या गोंधळ केला न्हाई. सवाल इचारला. त्यो लिवलेला न्हाई. त्यो लिवा.”

लगेच गलका. “बसा खाली!” “परत तेच!” साहेबांचा चेहरा लाल. पोलीस पुन्हा पुढे. मला वाटलं, संपलं. तेवढ्यात दगडूअप्पा उठले. त्या वर्षी त्यांनी शाळेचं मोडकं बाकडं आणलं होतं. त्या बाकड्यावर चढून ते असे ओरडले, की मंडपाच्या बाहेर चरणारी गुरं पळाली असतील.

“ए गप्प बसा समदे! वरडायचं काम माजं हाय. बाईला बोलू द्या!”

मंडप गप्प झाला. अध्यक्षांनी कागद वाचला. मग त्यांनी जे केलं ते मी माझ्या नोकरीत पुन्हा कधी पाहिलं नाही. ते व्यासपीठाच्या कोपऱ्याकडे वळले आणि म्हणाले, “लिपिक, मागच्या वर्षी तुम्हीच लिहिलंत ना? काय होतं ते? गोंधळ की प्रश्न?”

सभेत लिपिक बोलत नाही. तो लिहितो. बारा-तेरा वर्षांत मी आमसभेत एक अक्षर उच्चारलं नव्हतं. साहेब माझ्याकडे टक लावून बघत होते. बढतीच्या यादीत माझं नाव होतं आणि गोपनीय अहवाल त्यांच्या हातात होता. घरी दोन मुली, पूर्णेच्या सासुरवाडीचे पाहुणे येऊन राहिलेले, हे सगळं त्या एका क्षणात डोक्यातून गेलं. मी पेन खाली ठेवला आणि उभा राहिलो.

“प्रश्न होता साहेब,” मी म्हणालो. “गोंधळ मी लिहिला.”

माझा आवाज मलाच परका वाटला. अध्यक्ष म्हणाले, “दुरुस्ती मंजूर.” आणि सभा पुढं सरकली.

नंतर मला कारणे दाखवा नोटीस मिळाली. बढती दोन वर्षं लांबली. साहेब महिनाभर माझ्याशी बोलले नाहीत, आणि खरं सांगायचं तर तो महिना कार्यालयात फार सुखाचा गेला. ही नोटीस मी जपून ठेवली आहे. बायको म्हणते, सेवापुस्तकात एवढी एकच चांगली नोंद आहे.

आठवड्याभरानं कौसाबाई आल्या. दुरुस्ती वाचून दाखवा म्हणाल्या. मी वाचली. ‘मागील इतिवृत्तातील गोंधळाबाबतचा मजकूर वगळून त्याऐवजी पुढीलप्रमाणे वाचावे : श्रीमती कौसाबाई यांनी प्रश्न उपस्थित केला, की आमच्या शाळेचे दुसरे शिक्षक कोठे आहेत.’ त्यांनी ती पुन्हा वाचायला लावली. मी पुन्हा वाचली. मला बरं वाटत होतं, मोठं काम केल्यासारखं. त्याच भरात मी विचारलं, “आता थोरली चौथीत असेल?”

“ती कापूस येचायला जायलीय,” कौसाबाई म्हणाल्या. “दिवाळीपून शाळा सुटली तिची. म्हनली, आई, तितं बसून काय करू? लग्नासाटी पावनी मानसं बी बगून गेलीत.” त्यांनी हे रागानं सांगितलं नाही. “आता तिचं काय व्हायचं ऱ्हायलं न्हाई. पर वाड्यात धाकली लय लेकरं हायेत. सवाल लिवलाव ना, आता जबाब लिवा. मी बसते.” आणि त्या बाकावर बसल्या. माझ्या टेबलापुढे त्या पहिल्यांदाच बसत होत्या.

जबाब माझ्या हातात नव्हता. आदेश साहेबांनी काढायचा होता, साहेब जिल्ह्याला गेले होते, फाईल अजून वर गेलेली नव्हती. हे सगळं मी सांगायला लागलो. गुरुजींनी पेनाचं टोपण लावलं. खण उघडून त्यातली दोन पुस्तकं, चष्म्याचं घर आणि डबा पिशवीत भरला. खुर्ची टेबलाखाली सारली.

“चला बाई,” ते म्हणाले. “बारा वाजताची बस आहे.”

“गुरुजी, आदेश?” मी म्हणालो.

“मागाहून पाठवा.”

दोघं स्टँडच्या रस्त्यानं निघाले. पुढं गुरुजी, मागं चार पावलांवर कौसाबाई, मग थोड्या अंतरावर दोघं बरोबरीनं चालताना दिसले. आदेश मी मागाहून तयार केला आणि मागची तारीख घातली. नोकरीत केलेलं माझं एकमेव बेकायदेशीर काम. साहेबांनी माझ्याकडे न बघता सही केली.

माणसं या हकिगतीबद्दल माझं कौतुक करतात तेव्हा मला अवघडायला होतं. मी उभा राहिलो हे खरं, पण उभा राहायला मला एक वर्ष लागलं, आणि ते वर्ष माझं नव्हतं, एका तिसरीतल्या मुलीचं होतं. तिला पाडे येत होते. तिचं नाव पंचशीला. सरकारच्या कुठल्याच इतिवृत्तात ते मी लिहिलं नाही, म्हणून इथं लिहितो.